हिराकोटाचे धनी

अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला सगळ्यांना ठाऊक असतो. ओहोटीला लोक पायी जाऊन तो पाहून येतात. गावातला दुसरा किल्ला मात्र बाहेरूनच पाहावा लागतो. हिराकोट तलावाजवळचा हा छोटा कोट कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधला. काळ्या दगडाचे अवजड चिरे एकमेकांवर रचून उभारलेल्या त्याच्या भिंती अजून भक्कम आहेत. त्यांच्या आत आज रायगडचे जिल्हा कारागृह आहे.

जिल्हा कारागृहाचे काम मोठ्या मध्यवर्ती कारागृहापेक्षा वेगळे असते. येथे मुख्यतः न्यायाधीन बंदी असतात. गावाकडच्या भाषेत त्यांना कच्चे कैदी म्हणतात. पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी सुरू झाली आणि जामीन अजून झालेला नाही, अशा अवस्थेतली ही माणसे. त्यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नसतो. सकाळी बराकीचे टाळे उघडते, गणती होते, ज्यांची तारीख आहे त्यांना पोलीस पथक न्यायालयात नेते, संध्याकाळी पुन्हा गणती होऊन टाळे पडते. मुलाकातीला श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा अशा दूरच्या तालुक्यांतून घरची माणसे एसटीने येतात. थोड्या वेळाच्या त्या भेटीसाठी मजुरीचा एक दिवस जातो.

या कोटाचा इतिहास म्हणजे त्याच्या धन्यांचा इतिहास. १७४० मध्ये आंग्रे घराण्यातल्या भाऊबंदकीत संभाजी आंग्र्यांनी हिराकोट घेतला आणि मानाजींच्या ताब्यातल्या कुलाब्याची कोंडी केली. पुढे १८३८ च्या अखेरीस दुसरे रघुजी आंग्रे वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगाही काही महिन्यांतच गेला. घराण्याने दत्तकाची परवानगी मागितली, ती ईस्ट इंडिया कंपनीने नाकारली आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा केले.

येथे क्षणभर थांबायला हवे. खासगी कंपनीने सरकारशी करार करून तुरुंग चालवावेत की नाही, हा प्रश्न आपल्याला परदेशी वाटतो. पण हा किनारा कंपनीच्या कारभाराखाली राहिलेला आहे. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट कंपनीला दिले, ते वर्षाला दहा पौंड खंडाने. बेटावर न्यायालय कंपनीचे, शिपाई कंपनीचे आणि तुरुंगही कंपनीचा. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, तरी भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहील अशी तजवीज त्यातच होती, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा होता. म्हणजे १८४० मध्ये अलिबाग ज्यांच्या ताब्यात गेले, त्यांच्या लंडनमधल्या भागधारकांचा हिस्सा येथल्या शेतसाऱ्यातून निघत होता. रयतेने दाद मागायची ती याच कंपनीच्या साहेबाकडे. १८५८ मध्ये राणीचे राज्य आले, पण लाभांश त्यानंतरही काही वर्षे चालूच होता.

१८९४ च्या कारागृह कायद्याने तुरुंगाची रचना कागदावर पक्की केली. अधीक्षक, तुरुंगाधिकारी, वैद्यकीय अधिकारी हे सरकारने नेमायचे. न्यायाधीन बंदी आणि शिक्षा झालेले बंदी वेगळे ठेवायचे. तुरुंगातल्या गुन्ह्याला अधीक्षकाने शिक्षा द्यायची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कारागृहे राज्य सूचीत चौथ्या क्रमांकावर आहेत, म्हणून हिराकोट महाराष्ट्र शासनाच्या अखत्यारीत येतो. आज भारतात कोणतीही खासगी कंपनी तुरुंग चालवत नाही.

कंत्राटे मात्र तुरुंगाभोवती असतातच. इमारतीची दुरुस्ती ठेकेदार करतो. तालुक्याच्या दुय्यम कारागृहांत बंद्यांच्या जेवणासाठी निविदा निघतात. १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना आणली. बंद्याला तुरुंगातल्या मजुरीच्या आधारावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि ते घरच्यांच्या कामी येते. यातले काहीही गैर नाही. बाहेरचे हात आत आले, तर तुरुंगाचे भलेच होते.

पण भात शिजवणे वेगळे आणि माणूस कोंडून ठेवणे वेगळे. तुरुंगाधिकारी आत रोज छोटे छोटे निवाडे करत असतो. कुणाची वर्तणूक चांगली, कुणाची मुलाकात बंद, कुणाला माफीचे दिवस, कुणाला आजारी म्हणून रुग्णालयात न्यायचे. या निवाड्यांवर माणसाच्या आयुष्यातले महिने ठरतात. त्यात नफ्यातोट्याचा हिशोब शिरला की काय होते, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे.

तेथे १९८३ मध्ये टेनेसी राज्यात करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी निघाली. १९८४ मध्ये त्याच राज्यातल्या हॅमिल्टन काउंटीने आपला स्थानिक तुरुंग तिच्या हाती दिला. अलिबागच्या तुरुंगासारखाच हा आसपासच्या माणसांचा तुरुंग. पैसे दर माणशी, दर दिवशी. पुढे इतर अनेक करारांत अशी कलमे आली की ठरावीक टक्के खाटा भरलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर रिकाम्या खाटांचेही पैसे सरकारने द्यायचे. कोठड्या रिकाम्या राहणे ही समाजासाठी आनंदाची गोष्ट. अशा करारात ती दंडाची बाब ठरते. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत तर दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून लाखो डॉलर घेतल्याचे उघड झाले, आणि क्षुल्लक चुकांसाठी मुलांना तेथे पाठवले गेले होते. त्याच राज्यातल्या डेलावेअर काउंटीने २०२२ मध्ये आपला तुरुंग खासगी कंपनीकडून परत घेतला. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा तुरुंग २०११ मध्ये एका खासगी कंपनीकडे गेला आणि आतली दुरवस्था पाहून २०१८ मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला.

सर्वांत नेमका विचार इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मांडला. तेथे खासगी तुरुंगाचा कायदा झाला होता. २००९ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, तोही कंपनीने कुणाचा छळ करण्याआधीच. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या हातात माणसाचे स्वातंत्र्य देणे हाच त्याच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे, असे त्या निकालाचे सूत्र होते.

खासगीकरणाचे समर्थक सरकारी तुरुंगांच्या स्थितीवर बोट ठेवतात, आणि ते खोटे नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि माणसे होती ५,७३,२२०. रायगडमधल्याच तळोजा मध्यवर्ती कारागृहात फादर स्टॅन स्वामी हे धर्मगुरू न्यायाधीन बंदी म्हणून होते. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरत. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीत असतानाच मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. सरकारचा तुरुंग म्हणून तो दयाळू असतोच असे नाही.

तरीही त्यावर खासगी कंपनी हे उत्तर नाही. २०२२ च्या त्या आकड्यांत पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक बंदी न्यायाधीन होते. गर्दी तारखा लांबल्याने आणि जामिनाची रक्कम न जमल्याने होते. कंपनीने नव्या खाटा बांधल्या तर त्याही भरतील, आणि त्या भरलेल्या राहण्यात आता कुणाचा तरी फायदा असेल. खरी वाट दुसरीकडे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यात येत नाहीत. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब बंद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. या दोन गोष्टी नेटाने राबवल्या, तर नव्या भिंतींची गरजच कमी होईल.

सरकारी तुरुंग आणि कंपनीचा तुरुंग यांत एक फरक मोलाचा आहे. सरकारी तुरुंगातला बंदी उच्च न्यायालयाला पत्र लिहू शकतो, आमदार विधानसभेत प्रश्न विचारू शकतो, पत्रकार माहिती अधिकारात कागद मागू शकतो. कंपनी आली की मध्ये करार येतो, आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलायला तो सोयीचा असतो. ज्याच्या हुकमाने माणूस आत जातो, त्यानेच त्याच्या जेवणाची, औषधाची आणि जिवाची जबाबदारी घेतली पाहिजे. ती भाड्याने देता येत नाही.

ही जबाबदारी पाहण्याचा मार्ग जुन्या कायद्यातच आहे. कारागृहाला अभ्यागत नेमता येतात, आणि त्यांत अधिकारी नसलेल्या नागरिकांनाही जागा असते. त्यांनी आत जायचे, बंद्यांशी बोलायचे, स्वयंपाकघर आणि औषधांची खोली पाहायची, जे दिसले ते लिहून द्यायचे. अलिबाग, पेण, मुरूडमधल्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी हे काम आपले मानावे आणि जिल्हा प्रशासनाकडे ते मागून घ्यावे. आंग्र्यांचा, कंपनीचा, राणीचा असा हाताहातांतून आलेला हा कोट आता रायगडच्या लोकांचा आहे. त्यात कोंडलेली माणसेही त्यांचीच आहेत.