खेळाडूची नोकरी

सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाला खेळाडूच्या आयुष्याचा जो भाग दिसतो, तो त्याच्या एकंदर परिश्रमांच्या मानाने इतका अल्प असतो की, ४० मिनिटांच्या त्या धावपळीवरून त्याच्या व्यवसायाविषयी बांधलेले अनुमान बहुधा अपुरेच ठरते. बास्केटबॉलवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा तरुण खेळाडूंच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण क्रिकेटपटूचे करार आणि त्याचे मानधन यांची वार्ता घरोघर पोहोचते, परंतु बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला दरमहा वेतन कोण देते, तिची नेमणूक कोणत्या हुद्द्यावर असते, शिबिराला जाण्यासाठी तिची रजा कोण मंजूर करते आणि तिशी ओलांडल्यावर तिचे पुढे काय होते, हे पुष्कळदा तिच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही. बिबवेवाडीत घर असलेल्या अशाच एका खेळाडूचा सराव या उन्हाळ्यात मला जवळून पाहता आला. आपले नाव छापले जाऊ नये अशी तिची इच्छा आहे. ती एका सरकारी खात्याच्या महिला संघातून खेळते, नेमणुकीच्या गावी राहते आणि हंगाम संपला की रजेवर घरी येते, एवढे सांगणे पुरे.

सातारा रस्ता आणि कोंढवा यांच्या मध्ये टेकडीच्या उतारावर पसरलेली बिबवेवाडी पहाटे पाचलाच जागी झालेली असते. खाली गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. तेथे भाजीपाल्याचे टेम्पो रात्रीपासूनच रांगा लावून उभे असतात, आणि वर अप्पर इंदिरानगरकडून स्वारगेटला जाणाऱ्या पहिल्या बसगाड्या उजाडण्यापूर्वीच उतार उतरू लागतात. त्या चढाच्या बाजूस एका संस्थेचे उघडे, सिमेंटचे कोर्ट आहे. लांबी २८ मीटर, रुंदी १५ मीटर हे आंतरराष्ट्रीय प्रमाण त्याने बेताबेताने पाळलेले आहे. रेघा मात्र गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवलेल्या नाहीत, आणि तीन गुणांची वर्तुळाकार रेघ तर एका बाजूस केवळ माहीत असलेल्यालाच दिसते. सिमेंटवर पडलेला चेंडू लाकडी जमिनीपेक्षा निराळा उसळतो, आणि सिमेंटवर पडलेले पाऊल त्या आघाताचा सगळा हिशेब घोट्यात, गुडघ्यात आणि कमरेत जमा करते. म्हणून ती या कोर्टावर उड्यांचा सराव मोजून करते आणि नेमबाजीचा मात्र मनसोक्त करते. तिच्या पिशवीत दोन चेंडू असतात. लाकडी कोर्टासाठीचा चामडी चेंडू कापडात गुंडाळून तळाशी ठेवलेला, आणि सिमेंटसाठीचा रबरी चेंडू, ज्याच्या पृष्ठभागावरचे बारीक दाणे झिजून दोन ठिकाणी अगदी गुळगुळीत झाले आहेत. त्या गुळगुळीत जागा बोटांखाली येऊ नयेत म्हणून ती चेंडू हातात आल्याबरोबर न पाहता फिरवून घेते. ही हालचाल इतकी चपळ असते की ती प्रथमदर्शनी माझ्या लक्षातच आली नव्हती.

फ्री थ्रो हा या खेळातील सर्वांत सोपा प्रकार आहे असे नवख्याला वाटते. समोर कोणी अडवणारा नसतो, पंचांनी चेंडू हाती दिल्यापासून पाच सेकंदांचा अवधी असतो, बोर्ड ४.६० मीटरवर, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर, आणि दोहोंपैकी कोणतीही गोष्ट हलणारी नाही. परंतु रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि महिलांच्या सहा नंबरच्या चेंडूचा व्यास सुमारे २३ सेंटिमीटर. वरून पाहिल्यास त्या वर्तुळात जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी मावावेत. तोच चेंडू सपाट येऊ लागला की त्याच्या दृष्टीने ते वर्तुळ चेपत जाते, आणि सुमारे ३० अंशांहून सपाट आलेला चेंडू कडेला न लागता आत जाणे भूमितीच्या नियमानेच अशक्य होते. म्हणून चेंडूला उंची द्यावी लागते. उंची फार झाली तर अंतराचा अंदाज ढळतो. ही सगळी मीमांसा तिला तोंडपाठ आहे, पण रेघेवर उभी असताना ती यातले काहीही मनात आणत नाही, असे ती म्हणाली, आणि तिला तसे उभे राहिलेले पाहिल्यावर ते पटते.

ती रेघेवर येते ती धावत. कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत, पुन्हा जाऊन परत, अशा पूर्ण वेगाच्या धावा काढून, छातीचा भाता चालू असतानाच तिने दोन फ्री थ्रो घ्यायचे, आणि लगेच पुन्हा धावायचे, असा तिच्या सरांचा शिरस्ता आहे. कारण सामन्यात फ्री थ्रो मिळतो तो कोणी धक्का दिल्यावर, दमछाक झालेली असताना, आणि पुष्कळदा चौथ्या सत्राच्या अखेरीस. उजवे पाऊल रेघेच्या किंचित मागे, डावे त्याहून अर्धे पाऊल मागे. चेंडू दोनदा जमिनीवर आपटून तिसऱ्यांदा तळहाताऐवजी बोटांच्या पेरांवर पेललेला. कोपर बरोबर चेंडूखाली. मग गुडघ्यांतून निघालेली गती कमरेतून, खांद्यातून, कोपरातून चढत मनगटापाशी येते, मनगट पुढे दुमडते आणि चेंडू सर्वांत शेवटी तर्जनी व मधले बोट यांना स्पर्शून सुटतो. चेंडू उलटा फिरत जातो. तो तसा फिरला तर रिंगच्या मागच्या कडेला लागूनही आत पडण्याचा संभव राहतो. तिचा हात मात्र चेंडू जाळीत पडेपर्यंत वरच, मनगट लोंबते ठेवून. लागोपाठ दहा गेले की त्या दिवसाची नेमबाजी संपते; नववा हुकला तर मोजणी एकपासून. सर कडेला पायरीवर बसून वहीत टिंबे आणि फुल्या करीत असतात, आणि फुली पडली तरी अवाक्षर काढीत नाहीत.

सातच्या सुमारास टेकडीवरून वारा उतरू लागला आणि दोन चेंडू रिंगच्या उजव्या कडेला लागून बाहेर आले, तेव्हा मी तिला विचारले, की वाऱ्याच्या मानाने किंचित डावीकडे का मारत नाहीस? "हात बदलायचा नाही, काका," ती म्हणाली. "इथे वाऱ्याची सवय लावली तर आत खेळताना चुकेल. गेला तर गेला." १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीतील बंदिस्त सभागृहात वारा नसतो, परगावच्या मोठ्या स्पर्धाही बहुशः अशाच बंदिस्त कोर्टांवर होतात. ज्या कोर्टावर ती रोज चेंडू टाकते तेथले गुण तिच्या हिशेबी धरलेच जात नाहीत, आणि ज्या कोर्टावर ते धरले जातात तेथे तिला वर्षातले मोजकेच दिवस उभे राहता येते. उघड्या कोर्टावर वाढलेल्या आपल्या बहुतेक खेळाडूंची हीच अवस्था आहे, आणि त्यांच्या यशाची किंमत करताना ही गोष्ट जमेस धरली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पुण्याला मैदानी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बिबवेवाडीच्या खाली गुलटेकडीला जिचे विस्तीर्ण आवार आहे ती महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केली. जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ च्या हिवाळ्यात व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या टोपल्या ठोकून सुरू केलेला हा खेळ वायएमसीएच्या मार्फत तोवर हिंदुस्थानात येऊन पोहोचला होता. २००९ साली १६ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा पुण्यातच भरली. आणि याच शहराची शिरीन लिमये पुढे भारताच्या वरिष्ठ महिला संघाची कर्णधार झाली. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळूरला महिला आशिया चषकाच्या 'ब' विभागाचा अंतिम सामना भारताने कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा, म्हणजे अवघ्या एका बास्केटच्या अंतराने जिंकून वरच्या विभागात प्रवेश मिळवला, त्या संघात शिरीन होती. माझ्या या खेळाडूने तो सामना मोबाइलवर पाहिला होता. शेवटच्या क्षणांची हकीकत ती अजूनही हातवारे करून सांगते, आणि सांगताना स्वतः कोर्टावर असल्यासारखी बचावाच्या पवित्र्यात गुडघे वाकवते.

परंतु या कारकिर्दीचा आधार शेवटी नोकरी हाच आहे. व्यावसायिक लीगचे स्थैर्य या खेळाला आपल्या देशात लाभलेले नाही. २०१५ मध्ये पुरुषांसाठी युनायटेड बास्केटबॉल अलायन्स सुरू झाली, तीत 'पुणे पेशवाज' असा संघही होता. २०१७ नंतर ती भरली नाही. पंजाबातील बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनबीएच्या निवडीत येणारा पहिला भारतीय ठरला, तरी त्या लीगच्या मुख्य हंगामात उतरण्याचा योग त्याला आला नाही. असे असताना आमच्या मुलामुलींनी विसाव्या-बाविसाव्या वर्षी कशाच्या भरवशावर खेळात राहायचे? ज्यांच्या भरवशावर ते राहिले ती म्हणजे सरकारी खाती: रेल्वे, पोलीस, सैन्यदल, वीज मंडळे. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासूनचे आहे. महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदावर रेल्वेच्या संघाने वर्षानुवर्षे आपला अंमल बसवला, आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेली अनिता पॉलदुराई ही भारताची माजी कर्णधारही रेल्वेचीच. खात्यांच्या संघांना हिणवण्याची एक पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. त्या हजेरीपटावर नाव नसते तर यांतील निम्म्याहून अधिक मुलींचा खेळ महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षीच संपला असता.

तिची भरती खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर झाली. अर्जासोबत राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे, मग मैदानावरची चाचणी, मग वैद्यकीय तपासणी, मग रुजू होण्याचा हुकूम. आता ती कनिष्ठ लिपिक आहे. हंगामात सकाळचा सराव आटोपून दुपारपर्यंत दफ्तरात बसावयाचे, आवक-जावक नोंदवही सांभाळावयाची, आणि सायंकाळी पुन्हा कोर्टावर. स्पर्धेच्या काळात विशेष नैमित्तिक रजा. रजेच्या अर्जाला निवडीचे पत्र जोडावे लागते, आणि ते पत्र कधी शिबिराच्या आदल्या दिवशी हाती पडते. एकदा ते दोन दिवस उशिरा पोहोचले आणि तिचे शिबिर हुकले. ही गोष्ट तिने मला कोणाचेही नाव न घेता आणि आवाज न चढवता सांगितली. पदकामुळे वेतनवाढ आणि पदोन्नती मिळू शकते, म्हणजे उपांत्य सामन्यातल्या एका हुकलेल्या फ्री थ्रोचा परिणाम सेवापुस्तकाच्या पानावर उतरू शकतो. चौथ्या सत्राच्या अखेरीस रेघेवर उभे राहणाऱ्याच्या मनात हे येत असेल का, असे मी विचारले. "येऊ द्यायचं नाही, म्हणून तर धावून धावून मारायचे," इतकेच उत्तर मिळाले.

गुडघ्याची भीती मात्र ती लपवीत नाही. धावता धावता एकदम थांबून वळणे, उडी मारून एका पायावर उतरणे, हा या खेळाचा प्राण आणि गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाचा काळ. हा बंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रीखेळाडूंत अधिक आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर कोर्टावर परतण्यास बहुधा नऊ महिने किंवा अधिक लागतात. २४ वर्षांच्या मुलीच्या हिशेबात नऊ महिने म्हणजे एक संपूर्ण हंगाम, आणि हंगाम तरी असे किती उरलेले? म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी ती पाऊण तास केवळ सांधे तापवण्यात घालवते: एका पायावर उभे राहून दुसरा सावकाश मागे नेणे, पेटीवरून खाली उतरताना गुडघा आत कलत नाही ना हे पाहणे, घोट्यावर पट्टी टाचेकडून वर, मग पुन्हा टाचेखालून अशी आवळणे. हे पाहायला कोणी थांबत नाही. चेंडू बाहेर आला की कठड्यापाशी फिरायला निघालेली मंडळी उभी राहतात.

साडेसातला वस्तीतल्या मुली येतात. सगळ्यांची ती 'ताई'. एकीचा चेंडू सारखा बोर्डाच्या एकाच बाजूला लागत होता. "ताई, जोर लावते तरी बाहेरच जातोय." "जोर नको लावूस. कोपर बाहेर पडतंय तुझं, बघ," असे म्हणून ताईने तिच्या कोपराखाली आपले एक बोट धरले आणि त्या बोटाला कोपर घासू न देता चेंडू मारायला लावला. तो आत गेला नाही, रिंगवर नाचून बाहेर आला. परंतु सरळ आला. ताई पुन्हा बोट धरून उभी राहिली. तिच्या गरजेचा सराव त्या वेळी संपलेला असतो, तिच्या पायांना विश्रांतीची आवश्यकता असते, आणि ही शिकवणी तिच्या कोणत्याही सेवापुस्तकात नोंदली जाणार नाही.

रजा संपत आली तेव्हा तिने संस्थेच्या चिटणीसांना एक अर्ज लिहिला, आणि भाषा एकवार पाहून द्या म्हणून माझ्याकडे आणला. दुरुस्त करण्याजोगे त्यात फारसे काही नव्हते. पावसाळ्यापूर्वी कोर्टाच्या पूर्वेकडील तडे बुजवावेत. सायंकाळी मुलींसाठी आठ वाजेपर्यंत दिवे चालू ठेवण्यास मंजुरी द्यावी. रेघा नव्याने आखाव्यात. आणि उत्तरेकडील रिंग मुले लोंबकळल्यामुळे पुढून सुमारे दोन बोटे झुकली आहे, ती जमिनीपासून मोजून पुन्हा ३.०५ मीटरवर बसवावी, कारण लहान मुली सध्या त्याच रिंगवर शिकत असून त्यांचा हात त्या चुकीच्या उंचीला बसत चालला आहे. खाली सही, तारीख, आणि हुद्दा: खेळाडू.