यंत्राने काढलेल्या चित्राचा कर्ता कोण?

इ. स. १८८२ मध्ये नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने न्यूयॉर्क येथे ऑस्कर वाइल्ड या साहित्यिकाचे छायाचित्र घेतले. एका मुद्रण कंपनीने अनुमतीवाचून त्याच्या हजारो प्रती छापल्या. छायाचित्र हे यंत्राचे काम आहे, त्याला कर्ता नाही, असा कंपनीचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये तो फेटाळला. वाइल्डची बैठक, वेश, पडदे आणि छायाप्रकाश यांची योजना सॅरोनीची होती. कॅमेरा हे केवळ साधन होते.

आज हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेल्या चित्रांविषयी उपस्थित झाला आहे. असंख्य चित्रे व त्यांची वर्णने यांवरून संगणक शब्द आणि आकार यांचे संबंध अंकरूपाने साठवितो. मग मनुष्याने शब्दांत सूचना दिली की विस्कळीत ठिपक्यांतून पायरीपायरीने चित्र साकार होते. परंतु कोणती रेषा कोठे पडेल हे सूचना देणारा ठरवीत नाही. तीच सूचना पुन्हा दिल्यास बहुधा निराळेच चित्र मिळते.

स्टीफन थेलर यांनी एका चित्राचा कर्ता म्हणून आपल्या संगणकप्रणालीचेच नाव दिले. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली, आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही कर्ता मनुष्यच असला पाहिजे, असा निर्णय दिला. 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेच्या बाबतीत त्या कार्यालयाने २०२३ मध्ये भेद केला: लेखिकेची संहिता व चित्रांची मांडणी यांना संरक्षण मिळाले, यंत्राने काढलेल्या चित्रांना मिळाले नाही.

भारताच्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने निराळी तरतूद झाली. संगणकनिर्मित कृती जी व्यक्ती घडवून आणते, ती तिची कर्ता होय. परंतु चार शब्दांची सूचना म्हणजे 'घडवून आणणे' होय काय? होय म्हटले, तर चित्रकाराचे दीर्घ परिश्रम आणि चार शब्द एकाच तोलाचे ठरतील. नाही म्हटले, तर अशा चित्राची नक्कल कोणीही करू शकेल. ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकले, त्या कलावंतांच्या हक्काचा प्रश्न तर याहूनही वेगळा आहे.

विद्यार्थ्याने स्वहस्ते काढलेल्या मूळ चित्राला मात्र ही अडचण नाही. नोंदणी न करताही त्याचा स्वामित्वहक्क त्या चित्राबरोबरच जन्मतो, आणि भारतात तो कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो.