मायनस ४१!

शाळेत गणितात शून्य मिळवणारे मित्र मला होते. पण शून्याच्याही खाली? तो मान माझाच! २०२५च्या फेब्रुवारीत मी आमच्या कंपनीला मार्क दिले : ११०पैकी मायनस ४१.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनजवळच्या एका छोट्या कारखान्यात आयटी सांभाळतो. एकटाच. पन्नासेक माणसं लष्करी विमानांचे सुटे भाग बनवतात. मोठ्या कंपन्यांकडून येणाऱ्या ड्रॉइंग्जवर 'सीयूआय' असा शिक्का असतो. म्हणजे टॉप सीक्रेट वगैरे काही नाही हं, पण गावभर फिरवायचंही नाही. (ग्रीन कार्ड नसतं तर यातली बरीचशी मला बघताही आली नसती.)

ही ड्रॉइंग्ज सांभाळायचे ११० नियम आहेत. हिशेब ११० पासून सुरू होतो आणि नियम पाळला नसेल तर त्याच्या वजनाप्रमाणे पाच, तीन किंवा एक गुण वजा. तळ आहे मायनस २०३! म्हणजे आम्ही तसे बरेच म्हणायचे. आमच्याकडे अख्ख्या शिफ्टला मिळून एकच लॉगिन होतं आणि पासवर्ड मशीनवर चिकटवलेला. प्रोग्रॅम मशीनपर्यंत जायचा तो कुणाच्या तरी खिशातल्या पेन ड्राइव्हवरून. हसू नका, तुमच्या ऑफिसातही मॉनिटरखाली एखादी पिवळी चिठ्ठी असेलच!

गंमत इथे संपली. कारण संरक्षण खात्याच्या साइटवर आमचा आकडा होता ९८. माझ्या आधीच्या माणसाने भरलेला. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे, सगळं नीट कर ना. तोवर तो आकडा राहू दे." माणूस वाईट नाही. पण आकडा पडला तर ऑर्डर जाणार आणि ऑर्डर गेली तर घरी कोण जाणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

महिनाभर मी गप्प बसलो. खरं सांगतो, घाबरून. मग मार्चअखेर बातमी आली. मोर्सकॉर्प नावाच्या कंपनीने १०४ गुण दाखवले होते. बाहेरच्या सल्लागाराने मोजले तर मायनस १४२. आकडा वेळेवर दुरुस्त केला नाही म्हणून ४६ लाख डॉलर देऊन सरकारशी तडजोड! प्रिंट काढली आणि मालकांच्या टेबलावर ठेवली. काही बोललो नाही.

संध्याकाळी ते म्हणाले, "मायनस ४१ टाक."

एक ऑर्डर गेलीच. दुसऱ्या ग्राहकाने सुधारणेचा लेखी आराखडा मागितला आणि थांबला.

त्यानंतरचं वर्ष काही विचारू नका! प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, त्यावर दुसरी खूण म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी चावी. तीस वर्षं लेथवर काढलेले एक काका जाम वैतागले. त्यांना मी ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये तिथल्या अशाच पन्नासेक माणसांच्या कंपनीतून एफ-३५ विमानाबद्दलच्या माहितीसह सुमारे ३० जीबी डेटा चोरीला गेला. आयटीचा माणूस एकच, नऊ महिन्यांपूर्वी लागलेला. लॉगिन 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'! काका म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखाच की रे कुणीतरी!" आणि चावी घेऊन गेले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो कागदांनी. प्रत्येक नियम आम्ही कसा पाळतो, हे लिहून काढायचं. ही योजनाच नसेल तर बाकी मार्क मोजतच नाहीत. वर दरवर्षी कंपनीच्या वरिष्ठाने सही करायची. १० नोव्हेंबर २०२५ पासून 'सीएमएमसी'ची अट नव्या कंत्राटांत येऊ लागली. पहिल्या टप्प्यात बहुतेकांनी स्वतःच मार्क द्यायचे. दुसरा टप्पा १० नोव्हेंबर २०२६चा, त्यात आमच्यासारख्यांकडे बाहेरचे तपासनीस येणार. ८८च्या खाली सशर्त पाससुद्धा नाही आणि सशर्त मिळाला तर उरलेलं १८० दिवसांत पूर्ण करायचं.

आमचा आकडा आता ९६ आहे. खराखुरा. जुन्या ९८पेक्षा दोनने कमीच! कोपऱ्यातलं जुनं सीएनसी मशीन अजून विंडोज एक्सपीवर चालतं, ते नेटवर्कपासून तोडून वेगळं ठेवलंय. मालक दर सोमवारी आकडा विचारतात आणि सही करण्याआधी सगळी फाइल स्वतः वाचणार म्हणतात. दोनशे चाळीस पानं आहेत. चष्मा नवा करून घेतलाय त्यांनी.