आजोबांची मोटार आणि पेट्रोलचा विवेक

आपल्या समाजातील अनेक घरांत आजोबांच्या काळातील एखादी प्रीमियर पद्मिनी वा अॅम्बेसेडर आजही जिव्हाळ्याने सांभाळलेली आढळते. पेढीच्या चढत्या दिवसांची ती साक्षीदार असते. तिच्यावरील प्रेमापोटी घरातील तरुण मंडळी पंपावर सर्वांत महागडे, वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल भरून घेतात. हा खर्च सार्थ आहे काय?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची शक्ती नव्हे; दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची त्याची सहनशीलता होय. सिलिंडरमध्ये मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितके हे बळ अधिक लागते. या जुन्या गाड्यांचे कॉम्प्रेशन साधारणतः सात-आठास एक, तर कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चेही नवाच्या आतच. त्यांना पंपावरील साधे पेट्रोल पुरेसे असते. त्याहून वरच्या ऑक्टेनने वेगही वाढत नाही आणि मायलेजही. ज्याला दोन भाकऱ्यांची भूक, त्याला चौथी वाढून काय लाभ?

मात्र घाट चढताना इंजिनातून टकटक ऐकू आली, तर दुर्लक्ष करू नये. ती दीर्घकाळ चालल्यास पिस्टन निकामी होतो. प्रथम खालचा गिअर टाकावा. मग जाणत्या मेकॅनिककडून इग्निशनचे टायमिंग, प्लग, कूलिंग आणि सिलिंडरमधील कार्बन तपासून घ्यावा. एवढे करूनही टकटक राहिली, तरच वरच्या ऑक्टेनचा विचार करावा.

आजचा खरा प्रश्न ऑक्टेनचा नसून इथेनॉलचा आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने ऑक्टेन वाढते. परंतु जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर आगीचा धोका संभवतो. म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप बसवून घ्यावेत आणि पेट्रोलचा वास येताच गाडी थांबवावी. इथेनॉलला हवाही कमी लागते. त्यामुळे ठराविक छिद्राच्या जेटमधून मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते व अधिक तापते. त्यावर कार्ब्युरेटरची जुळणी हाच उपाय. महागडे पेट्रोल म्हणजे इथेनॉलविरहित, असे गृहीत धरू नये.

चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळणाऱ्या घरी गाडी महिनोन्महिने उभी राहते. इथेनॉल ओलावा शोषते, टाकीच्या तळाशी पाणी साचते, गंज धरतो. अशा वेळी कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून ठेवावे आणि चातुर्मासानंतर गाडी बाहेर काढण्यापूर्वी टाकी व फिल्टर पाहून घ्यावे.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण सांगितले आहे: निष्कारण हिंसेपासून व अपव्ययापासून दूर राहणे. इंधन जाळणे संसारात सर्वस्वी टळत नाही. पण गरजेहून महाग ते जाळणे आणि गळणाऱ्या पाइपाकडे डोळेझाक करणे, हे दोन्ही टाळणे आपल्या हाती आहे. आजोबांनी पेढीवर पै-पैचा हिशेब ज्या दक्षतेने राखला, तीच दक्षता त्यांच्या मोटारीच्याही वाट्यास यावी.