डाळीतले प्रथिन पेशीत शिरते कसे?

चाकूरच्या शिवारात पिकणाऱ्या तुरीच्या डाळीत साधारण पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो. पचनात प्रथिनांचे तुकडे होतात. पण सगळे सुट्या अमिनो आम्लांपर्यंत पोचत नाहीत. बरेचसे दोन-तीन अमिनो आम्लांच्या साखळ्या, म्हणजे पेप्टाइड म्हणूनच उरतात. पेशीचे आवरण मेदाचे, त्यामुळे पाण्यात विरघळणारे हे तुकडे त्यातून आपसूक जात नाहीत.

लहान आतड्याच्या पेशींवर त्यासाठी ‘पेप्ट-१’ हे वाहक प्रथिन असते. पेशीलगतचा थर बाहेरून किंचित आम्लधर्मी असल्याने प्रोटॉनचा ओढा आत असतो आणि त्याच ओढ्यावर पेप्टाइड आत येते. हा ओढा टिकवण्याचा खर्च अखेर सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी जाळून भागवतो.

वीस अमिनो आम्लांपासून ४०० जोड्या आणि ८,००० त्रिकुटे होतात. त्यातली बहुतेक हा एकटा वाहक उचलतो. चौघांच्या साखळीला मात्र प्रवेश नाही. निवडीतला वाहकाचा हा ढिलेपणा औषधशास्त्राच्या पथ्यावर पडला. सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक पेप्टाइडसारखे दिसते म्हणून याच वाटेने शोषले जाते. असायक्लोव्हिर हे विषाणूरोधी औषध नीट शोषले जात नव्हते. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून व्हॅलासायक्लोव्हिर तयार झाले आणि तेही याच वाटेने आत जाऊ लागले.

पेशीत आल्यावर बहुतेक पेप्टाइडे विकरांकडून तुटतात आणि सुटी अमिनो आम्ले दुसऱ्या वाहकांमार्फत रक्तात उतरतात. मूत्रपिंडात ‘पेप्ट-२’ गाळलेली पेप्टाइडे परत शोषून घेतो.