राइडवरचा हात

ड्रमवर परत बसलो ते २०१७ च्या पावसाळ्यात. मधे अडीच दशकांहून जास्त काळ काठी हातात धरली नव्हती. इतक्या खंडानंतर हात काय विसरतात आणि काय नाही, हे गेली काही वर्षं मी जवळून पाहतो आहे. लय जात नाही. फिल्सही परत येतात. मनगट थोडं कुरकुरतं, डावा हात उजव्यापेक्षा उशिरा जागा होतो, पण तेवढंच. खरी अडचण वेगळीच निघाली. जे सहज परत आलं, त्यातलं पुष्कळसं जॅझमध्ये वाजवायचंच नसतं.

माझं शिक्षण ऐंशीच्या दशकातल्या ऑर्केस्ट्रात झालं. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नाचा आणि गॅदरिंगचा हंगाम. गिरगावपासून ठाण्यापर्यंत कुठे ना कुठे स्टेज असायचंच. ड्रमरचं काम एकच: मागच्या रांगेतल्या माणसालाही ठेका पोटात जाणवला पाहिजे. किक जोरात, स्नेअर त्याहून जोरात, प्रत्येक कडव्याआधी एक दणदणीत फिल. ते काम मी मनापासून केलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. १९८५ मध्ये रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड आला. काही वर्षांत तो आपल्या ऑर्केस्ट्रांत स्थिरावला, आणि टेम्पोत चढवायला जड असा पूर्ण सेट हळूहळू मागे पडला. त्यातच नोकरी, बदल्या, संसार. सेट विकून टाकला.

परत यायचं तर जॅझच का, असं बरेच जण विचारतात. उत्तर सी. रामचंद्रांपाशी जातं. 'ईना मीना डीका' आम्ही हमखास वाजवायचो, पण त्याच्या मागे कोण माणसं आहेत याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हतं. मोकळा वेळ मिळाल्यावर मी तो माग काढत गेलो आणि चिक चॉकलेटपर्यंत पोहोचलो. मूळचे गोव्याचे, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवादक. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि सी. रामचंद्रांचे सहायक म्हणून काम करायचे. भगवानदादांच्या 'अलबेला'त, म्हणजे १९५१ साली, ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली अशी कितीतरी माणसं मुंबईत रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा रेकॉर्डिंगला जात. पुणतांब्याचा संगीतकार, गिरणीत काम केलेला मराठी नट आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला मिळून जे करत होते, त्याची मुळं न्यू ऑर्लिन्स आणि हार्लेमपर्यंत जातात हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. आणि एक हळहळही आहे. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली. सॉनी रोलिन्ससारखा माणूस इथे येऊन वाजवून गेला. तेव्हा मी शाळकरी होतो, आणि आमच्या चाळीत त्याची कुणालाच खबर नव्हती.

माझे शिक्षक वसईचे, वयाने माझ्या निम्मे. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. पहिले कित्येक महिने त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली: राइड सिंबल. चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पुढच्या ठोक्याकडे झुकणारी एक छोटी जोड. मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला सोडायचा. कागदावर एवढंच. पण वेग वाढला की ते तीन भाग तसेच राहत नाहीत. जोड हळूहळू सपाट, समान होत जाते. ती कुठल्या वेगाला किती सपाट करायची हे कोणी लिहून देऊ शकत नाही, ऐकूनच घ्यावं लागतं. काठीचं टोक सिंबलच्या नेमक्या कुठल्या भागावर पडतं, यावर स्वर बदलतो. घुमटीजवळ कोरडा आणि टोकदार, कडेकडे पसरट. ऑर्केस्ट्रात मी राइड वाजवायचो, पण तिचा आवाज असा ऐकला नव्हता.

डाव्या पायाने हाय-हॅट मिटायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेवर जोर देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या पायाला हे पटवणं सोपं नसतं. पण सगळ्यात अवघड गेली ती किक. सर म्हणाले, "काका, ती ऐकू येता कामा नये. काढून घेतली तर मात्र बेसवाल्याला चुकल्यासारखं वाटलं पाहिजे." मोठ्या स्विंग वाद्यवृंदांच्या काळात किकवर चारही मात्रा ठळक वाजत. १९४० च्या सुमारास केनी क्लार्कने लयीचा भार तिथून उचलून राइडवर ठेवला, आणि किक मोकळी केली ती मधूनच एखादा अनपेक्षित ठोका देण्यासाठी. हार्लेममधल्या मिंटन्स क्लबमध्ये ते रुजलं, मॅक्स रोचने पुढे नेलं. आधुनिक जॅझचा ड्रमर या एका बदलातून घडला, असं माझं ठाम मत आहे. पण जुन्या चार मात्रा पुष्कळांनी पूर्ण सोडल्या नाहीत. पावलाच्या हलक्या दाबाने त्या खाली चालू ठेवल्या. मी जन्मभर ज्या पायाने मंडप हलवला, त्याच पायाने आता हे शिकतो आहे.

आवर्तनाच्या बाबतीत मात्र आपले कान कामी येतात. जॅझमधली पुष्कळ गाणी बत्तीस बारच्या चौकटीत असतात, आठ-आठ बारचे चार तुकडे. चार मात्रांच्या हिशेबाने हे १२८ मात्रांचं आवर्तन झालं. बाराचा एकताल आणि सोळाचा तीनताल ऐकत मोठे झालेल्याला चक्र सांभाळणं परकं नाही. फरक इतकाच, की इथे खालीभरी दाखवणारे बोल नाहीत. चौकट डोक्यात धरायची आणि वर संवाद चालू ठेवायचा. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट' १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्यात मुखडा संपून ट्रम्पेटचं एकलवादन सुरू होतं, त्या क्षणी जिमी कॉब सिंबलवर एक ठोका देतो. त्याची आस ट्रम्पेटच्या पहिल्या स्वरांखाली लांबवर पसरत जाते. सगळा पट उघडतो तो त्या एका ठोक्याने, आणि मग कॉब शांतपणे राइडवर चालू लागतो. तिथे एखादी भरगच्च फिल मारायचा मोह कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याला होईल. तिची गरज नव्हती हे ऐकताना कळतं.

ब्रशेसनी माझा घरातला प्रश्न सोडवला. फ्लॅटमध्ये पूर्ण सेट वाजवणं शक्य नाही, पण खरखरीत लेप असलेल्या स्नेअरच्या पडद्यावर तारांचे ब्रश शेजाऱ्यांना ऐकूही जात नाहीत. डाव्या हाताने अखंड गोल फिरवायचं, उजव्याने त्यावर ठोके. गोलाचा वेग कुठे दाटतो, कुठे विरळ होतो, त्यावरच लय श्वास घेते. संथ बॅलड वाजवताना हा डावा हात थांबला की गाणं थांबतं. काठीने लपवता येतं, ब्रशने काहीच लपत नाही.

आता महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं जमतो: पियानो, डबल बेस, सॅक्सोफोन आणि मी. चार-चार बार आळीपाळीने वाजवायची वेळ आली की जुना हात अजूनही जोरात धावतो, आणि तो तिथे हवाच असतो. बाकी वेळ माझं लक्ष बेसवाल्याच्या बोटांवर. त्याचा स्वर आणि माझी राइड एकाच क्षणी पडली तर कुणालाच काही जोरात वाजवावं लागत नाही.

तुमच्या माळ्यावर जुना सेट धूळ खात असेल तर तो विकू नका. सगळा खाली काढायला जागा नसेल तर फक्त राइड, तिचा स्टँड आणि एक काठी काढा. 'सो व्हॉट' लावा आणि जिमी कॉबच्या उजव्या हाताबरोबर शेवटपर्यंत चाला. बाकीचं सामान नंतर उतरवता येईल.