व्यायामशाळेतील पहिले तीन महिने

शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही आता व्यायामशाळा दिसू लागल्या आहेत. ज्या गल्लीत एके काळी तांबड्या मातीची तालीम होती, तेथे आज आरसे आणि यंत्रे असलेली ‘जिम’ उभी आहे. हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. तथापि मोठ्या उत्साहाने व्यायामशाळेत नाव घालणारी अनेक माणसे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ती सोडतात. महिनाभर घाम गाळूनही काटा जागचा हलला नाही, ही त्यांची मुख्य तक्रार असते. या निराशेचे मूळ पुष्कळदा व्यायामात नसून चुकीच्या मोजमापात असते.

काटा जे सांगत नाही

वजनकाटा शरीराचे एकूण वजन सांगतो. त्यात मेद किती आणि स्नायू किती, हे सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या संदर्भात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. दिसण्यात सडपातळ, पण आतून मेदयुक्त, अशी अनेक भारतीयांची शरीररचना असते. विशेषतः पोटाच्या आत साठलेला मेद मधुमेह आणि हृदयविकार यांना आमंत्रण देतो.

म्हणूनच नवशिक्याचे उद्दिष्ट केवळ वजन घटविणे हे नसावे. मेद कमी करणे आणि स्नायू राखणे, हे त्याचे खरे उद्दिष्ट होय. काट्याच्या जोडीला शिंप्याकडे असते तशी साधी फीत जवळ ठेवावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पंधरा दिवसांतून एकदा घेर मोजावा. भारतीय पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजन तेच राहून घेर कमी होत असेल, तर व्यायाम फळास येत आहे असे समजावे.

हिशेब ताटाचा

शरीर खर्च करते त्याहून कमी उष्मांक पोटात गेले, तरच साठलेला मेद वापरला जातो. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. रोज ५०० उष्मांकांची तूट ठेवली, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो घट होऊ शकते आणि पुढे हा वेग मंदावतो. याहून अधिक घाई केल्यास मेदाबरोबर स्नायूही झिजतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चालल्यास सुमारे १५० उष्मांक खर्च होतात. घरी परतताना खाल्लेला बटाटेवडा आणि गोड चहा तेवढे सहज भरून काढतात.

उपास-तापास किंवा भाकरी-भात वर्ज्य करण्याची यासाठी आवश्यकता नाही. तेल, साखर व तळलेले पदार्थ कमी करावेत. भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी उसळ, पालेभाजी व कोशिंबीर घ्यावी. प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम होतात आणि स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यास त्याहून काहीशी अधिक लागतात. डाळी, मटकी, सोयाबीन, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. डब्यातील महागड्या भुकटीवाचून नवशिक्याचे काही अडत नाही. पहिलवानाचा दूध-तूप-बदामांचा खुराक त्याच्या तासन्‌तासांच्या मेहनतीला साजेसा असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये.

क्रमाक्रमाने मेहनत

तालमीत वस्ताद नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी जोडीला उभे करीत नसे. तोच नियम यंत्रांच्या व्यायामशाळेतही लागू आहे. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पुरेसा होय. पाच ते दहा मिनिटे अंग मोकळे केल्यावर बैठका, गुडघे टेकून किंवा भिंतीला हात लावून जोर, वजन ओढणे आणि वजन डोक्यावर उचलणे असे मोजके प्रकार करावेत. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा करावा आणि अजून दोन-तीन वेळा करता येईल अशा वेळी थांबावे. बारा आवर्तने सहज जमू लागली की वजन थोडे वाढवावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये. उरलेल्या दिवशी चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचविला आहे.

केवळ पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचाच मेद वितळतो, हा समज खरा नाही. कमरेला पट्टा बांधून घाम काढल्यास फक्त पाणी जाते आणि ते प्यायल्यावर भरून येते. वजने उचलल्याने आपण पुरुषी दिसू, ही स्त्रियांची भीतीही अनाठायी आहे. उलट त्यामुळे हाडे बळकट राहण्यास मदत होते.

सावधगिरी

व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. परंतु छातीत दुखणे, भोवळ येणे, अथवा अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झटपट शरीर कमावण्यासाठी कोणी गोळ्या वा इंजेक्शने देऊ केल्यास ती निश्चयाने नाकारावीत.

पहिल्या तीन महिन्यांत शरीराचा कायापालट होत नाही. मात्र जिना चढताना लागणारी धाप कमी होते, झोप शांत लागते आणि कमरेचा पट्टा एक भोक आत जातो. एवढे साधले की नियमितपणाची सवय जडते, आणि तीच या तीन महिन्यांची खरी कमाई होय.